नाटकातली बायको

आमच्या नाटकात गोरा साहेब मी व्हायचे. उंची होती, आवाज जाडाभरडा होता आणि लाँड्रीतल्या साहेबाची चाल मला हुबेहूब जमायची. पोट पुढे, माणूस मागे. तोंडाला खळ फासायची, कपड्यांना घालतो तीच, घट्ट आणि पांढरी. ती वाळली की गाल असे ताणून यायचे की हसायची सोयच राहायची नाही. टेलरमास्तर म्हणायचे, "छान! साहेब तरी कुठे हसतो?"

आमची लाँड्री गोऱ्यांच्या हॉस्पिटलची आणि मोठ्या हॉटेलांची. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, टेबलावरची कापडं. लांबच लांब शेड, सदा वाफेने भरलेली. एका टोकाला हौद, मध्ये पिळायची यंत्रं, दुसऱ्या टोकाला इस्त्रीची टेबलं. आमचे स्वतःचे कपडे त्या पाण्यात बुडवायला बंदी होती. रोग पसरतो म्हणे. आमचे हात त्या पाण्यात चालायचे, हातांवरच्या बाह्या चालायच्या नाहीत. साहेब आम्हा सगळ्यांना 'ए पोरी' म्हणायचा. आमच्यात हौदावरची आजी होती, तोंडात दात नाही, तीसुद्धा पोरगीच.

वहिनी इस्त्रीवर होती. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गोदीत माल उतरवायचा. एकदा गोदीत संप झाला. मागणी काय, तर जेवायला सावली द्या आणि कुणाचा हात चेंगरला तर डॉक्टर बोलवा. गोऱ्या क्रेनवाल्यांना दोन्ही होतं. पोलिसांनी गोदीला वेढा घातला, संपवाल्यांचे शहरात राहायचे परवाने तिथल्या तिथे रद्द केले. ज्याच्याकडे परवाना नाही तो गुन्हेगार, आणि गुन्हेगाराला वाटा दोनच, तुरुंग नाहीतर खाणीचं कंत्राट. त्याच दुपारी लॉऱ्या भरून निघाल्या. दादा घरी सदरा बदलायलासुद्धा आला नाही.

वहिनी चौकीवर गेली. शिपाई म्हणाला, "खाणीत गेला."

"कुठल्या?"

"बाई, खाणी काय एकदोन आहेत?"

खाणीतून माणसाचा निरोप येत नसे. तिथे बायकांना जायची परवानगी नव्हती, आणि आत माणसाला नाव राहत नाही, नंबर असतो, असं ऐकलं होतं. वहिनी रडली वगैरे नाही. पण इस्त्री करता करता मध्येच थांबायची आणि मी कोपर मारलं की दचकून पुढची चादर ओढायची. पुढे आमची वस्तीही पाडली. ती गोऱ्यांच्या बंगल्यांच्या फार जवळ आली होती म्हणे. खरं तर वस्ती जागच्या जागी होती, बंगलेच चालत आले होते. आम्हाला लाँड्रीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत टाकलं. आई, वहिनी आणि मी. आईचे गुडघे गेलेले, तिला हाताला धरून उठवावं लागे. ती बिचारी रोज संध्याकाळी दाराकडे बघायची, आणि वहिनी तिला दिसणार नाही अशी माझ्याकडे.

"वन्सं," एकदा ती म्हणाली, "हे आले तर जुन्या घरी जातील. तिथे तर रस्ता झालाय."

मी आईला उठवायला आत गेले.

टेलरमास्तर हॉटेलच्या वेटरांचे डगले शिवायचे. लाँड्रीच्या बाजूलाच त्यांची खोली. नाटकाचं वेड त्यांचंच. काम सुटलं की वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला आम्ही तालीम करायचो. नाटकात एक माणूस शहरात येतो. डॉक्टर त्याला इतरांबरोबर उघडा करून गुरासारखा तपासतो, पोलीस परवाना मागतो, साहेब त्याला राबवतो, मग खाण त्याला गिळते आणि घरी बायको वाट बघत बसते. एवढंच. पण कागदावर एक अक्षर नव्हतं. नाटकाचा कागद सरकारकडून पास करून घ्यायचा कायदा होता. मास्तर म्हणायचे, "कागदच नाही तर पास काय करणार? शिक्का काय आमच्या जिभेवर मारणार?"

माणूस मास्तर स्वतः व्हायचे. बायको व्हायची ती यंत्रावरची मुलगी बाळंतपणाला गेली. मी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "दिवसभर उभं राहून पाय सुजलेत, आणि वर नाटकं? घरात कमी आहेत का?"

मग बातमी आली, की खाणवाल्या कंपन्यांना रविवारी कामगारांसाठी करमणूक हवी आहे. माणसं रिकामी बसली की भांडतात, नाहीतर विचार करतात. नाचगाणं करणारं कुणी असेल तर, बाई असली तरी, आत सोडतील. भाजीच्या लॉरीवरचा ड्रायव्हर मास्तरांचा दोस्त. तो खाणींना भाजी पोचवायचा, त्याने न्यायचं कबूल केलं.

त्या संध्याकाळी वहिनी चादरी बाजूला सारत आत आली. "ती बायको मी करते," म्हणाली.

तिला अभिनय अजिबात येत नव्हता. मास्तर नवरा बनून उजवीकडून यायचे आणि ही बघायची समोर, जिथे उद्या लोक बसणार होते तिथे.

"अहो बाई, नवरा इकडे आहे!"

"आणि माझा तिकडे असला तर?"

मास्तरांनी पुन्हा कधी टोकलं नाही.

पहिली खाण अजून डोळ्यांपुढे आहे. उंच कुंपण, एकच फाटक, आत विटांच्या लांबट खोल्या. खोलीत सिमेंटच्या फळ्या, एकावर एक, त्यावर माणसं झोपायची. ठेवायला माल असावा तशी. नुसते पुरुष, वर्षानुवर्षं. अंगणात धुळीत बसले होते. मी पोट पुढे काढून आले आणि "ए पोरा!" म्हटलं, तर असं हसू फुटलं की माझं पुढचं बोलणं मलाच ऐकू येईना. डॉक्टरच्या प्रवेशाला मात्र सगळे गप्प. कोणी खाकरलंसुद्धा नाही.

मग वहिनीचा प्रवेश. दोरीवर नवऱ्याचा सदरा टांगलेला आणि त्याच्याकडे बघून तिने विरहाचं बोलायचं. मास्तरांनी तिला चांगली ओलीचिंब वाक्यं शिकवली होती. तिने तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर पडलं नाही. ती सदऱ्यासमोर गप्प उभी राहिली. मला वाटलं, झालं, बोंबललं नाटक. मग तिने सदऱ्याची कॉलर पकडली.

"काय केलंत हे? घासून घासून माझी बोटं झिजली. आणि बटण कुठंय? परवाच लावलं होतं. कुठे धडपडता देव जाणे. सांगून जाता येत नाही? माणूस जेवायला थांबतं, कळत नाही तुम्हाला?"

ती रागवत राहिली. घरातलं, रोजचं, किरकोळ. अंगणात बसलेली ती एवढी दांडगी माणसं, एकेकाची मान खाली जायला लागली. कोणी हुंदका दिला नाही. नुसती नाकं ओढल्याचे आवाज.

खेळ संपल्यावर एक म्हातारा खाणकामगार आला. छातीतून शिट्टीसारखा श्वास यायचा त्याच्या. म्हणाला, "बाई, अजून एकदा रागवा ना जरा. पाय धुऊन या, असं म्हणा."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी पाय धुऊन या! सगळी जमीन घाण केलीत."

त्याच्या मागे उभी असलेली माणसं आपापल्या पायांकडे बघत राहिली.

तेव्हापासून आम्ही जाऊ तिथे हेच. माणसं वहिनीभोवती गोळा व्हायची आणि आपल्या बायकांविषयी सांगायची. कोणाची तिखटजाळ बोलायची, कोणाची झोपेत हसायची. एकाला बायकोचा चेहरा नीट आठवेना, म्हणून तो घाबरला होता. वहिनी म्हणाली, "आवाज आठवतो ना? मग चेहरा कुठे जातोय?" आणि प्रत्येकाला ती दादाबद्दल विचारायची. उंच, डाव्या भुवईत खोक, विनोद सांगताना शेवट यायच्या आधी स्वतःच हसतो, म्हणून त्याचा एकही विनोद कधी पुरा झालेला नाही.

एका खाणीत एक जण म्हणाला, "असा माणूस टेकडीपलीकडच्या मोठ्या खाणीत होता. पुरा न होणारे विनोद सांगायचा खरा."

मोठ्या खाणीत जायला उन्हाळा उजाडला. तिथे नेमका खुद्द मॅनेजर खेळ बघायला आला. गोरा, जाडजूड, बायको बरोबर. दोघांना खुर्च्या, मागे छत्री धरायला माणूस आणि शेजारी दुभाष्या. मॅनेजरला आमची भाषा येत नव्हती. दुभाष्या आमच्यातलाच, पण बूट चकचकीत आणि चेहरा बंद. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "आज साहेब जरा सौम्य कर. नाहीतर इथूनच खाली उतरवतील आपल्याला." मी साहेबाला इतकं गोड केलं की माझी मलाच लाज वाटली.

वहिनी सदऱ्यासमोर आली. रागवायचं सोडून ती वळली आणि थेट माणसांशी बोलू लागली.

"ऐकताय का? गोदीतून आणलेला माणूस. उंच. भुवईत खोक. हसरा. पाहिलात का कोणी? मला खोटं सांगू नका. असेल तर आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा."

मी तिथेच, तिच्यापासून दोन हातांवर, साहेबाच्या डगल्यात उभी. मॅनेजर दुभाष्याकडे झुकला. दुभाष्या क्षणभर थांबला आणि मग त्यांच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. मला लाँड्रीमुळे ती भाषा थोडी कळायची. तो म्हणाला, "तिचा बैल हरवलाय, सर. ती गावात विचारत फिरते आहे."

मॅनेजर खुदकन हसला. बायकोला म्हणाला, "बैल!"

पुढच्या रांगेत बसलेल्यांनाही ते कळलं. एक माणूस सावकाश उठला. "होता बाई तुमचा बैल. आमच्याच गोठ्यात होता. माझ्या वरच्या फळीवर झोपायचा."

"होता म्हणजे?" वहिनीचा आवाज बदलला नाही. कसा बदलला नाही, ते तीच जाणे.

"दावं तोडून गेला."

"चांगला होता," दुसरा बसल्या बसल्या म्हणाला. "मारका नव्हता. पण मानेवर जू ठेवू द्यायचा नाही."

"जिवंत गेला का?"

"जिवंत. थंडीत गेला. घराच्या वाटेने."

मॅनेजरने विचारलं, "सापडला का मग बैल?" दुभाष्या म्हणाला, "शोधताहेत, सर." आणि त्याने पहिल्यांदाच वहिनीकडे पाहिलं. आता साहेबाने काहीतरी बोलायला हवं होतं, सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडावर खळ वाळलेली होती म्हणून निभावलं. चेहरा हलला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. मी हात उगारून ओरडले, "बैल पळाला? मग उभे काय आहात? शोधा!" मॅनेजरने टाळ्या वाजवल्या.

परतताना लॉरीत वहिनी रिकाम्या टोपल्यांना टेकून बसली होती. मग म्हणाली, "ते घराकडे निघाले आणि मी घराबाहेर पडले. आमचं लग्नापासून असंच. मी डावीकडे बघितलं की हे उजवीकडे."

"येईल गं दादा."

"कुठे येतील? घर कुठंय?"

त्यानंतर सुटीच्या दिवशी ती जुन्या वस्तीच्या जागी जायला लागली. तिथे आता गुळगुळीत रस्ता, हिरवळ आणि बंगले. आमच्या माणसाला तिथे विनाकारण उभं राहायची मनाई होती. पण डोक्यावर कपड्यांचं गाठोडं असलं की कोणी काही विचारत नाही. म्हणून वहिनी लाँड्रीचं गाठोडं घेऊन त्या रस्त्याने जायची आणि यायची, जायची आणि यायची. आमचं घर होतं तिथे आता एका बंगल्याचं फाटक होतं. तिथे तिची पावलं आपोआप मंद व्हायची.

मास्तरांना हे मी सांगितलं. ते सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "गाठोडं वाहून काय होणार? तिथे खेळ करू. बंगल्यांत काम करणारी आपली माणसं दुपारी मोकळी असतात. कोणी ना कोणी पाहिलं असेल."

आणि खरंच, बंगल्यांच्या मागच्या गल्लीत आम्ही खेळ केला. स्वयंपाकिणी, मुलं सांभाळणाऱ्या बाया, माळी, ड्रायव्हर, सगळे जमले. मी जीव खाऊन साहेब केला, उरलंसुरलं सगळं भरून काढलं. वहिनीने सदऱ्याशी भांडून झाल्यावर तोच प्रश्न विचारला. तेव्हा एक माळी, हातात पाण्याची झारी, पुढे आला.

"असा माणूस आला होता इथे. भुवईत खोक होती. इथली घरं कुठे गेली म्हणून विचारलं त्याने. मी नवा. मी सांगितलं, पाडली, इथलं कोणी शहरात उरलं नाही, सगळ्यांना कुठेतरी लांब छावणीत नेलं म्हणतात."

"मग?"

"त्या फाटकापाशी बसला थोडा वेळ. मी पाणी दिलं. मग मालकीण बाहेर आली, म्हणून उठला. उत्तरेच्या रस्त्याला लागला. सरहद्दीकडे."

लाँड्री तिथून हाकेच्या अंतरावर. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. वहिनी रस्त्यातच खाली बसली. मी तिला उठवतेय तोवर शिट्ट्या ऐकू आल्या. लाँड्रीच्या बाया गाठोडी उचलून पांगल्या, मी माळ्याच्या झारीखाली तोंड धुतलं. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. कोणीतरी सापडायला हवंच होतं, नाहीतर पोलीस सगळ्यांच्या मागे लागले असते.

चौकीत त्यांना म्हणाले, नाटकाचा कागद दाखव. मास्तर म्हणाले, कागद नाही. मग बोलून दाखव, आम्ही लिहून घेतो. मास्तरांनी चौकीत अख्खं नाटक करून दाखवलं, साहेबासकट. आमच्यातले शिपाई भिंतीकडे तोंड करून हसत होते म्हणे. पण शिक्षा झाली ती झालीच. ते सुटून आले तेव्हा उजव्या हाताची बोटं वळत नव्हती. आता ते कापड बेततात आणि शिवते दुसरी.

ड्रायव्हर मात्र उत्तरेकडे जाईल तिथे दादाची चौकशी करत होता. एक दिवस तो लाँड्रीच्या मागच्या दाराशी आला. दादा सरहद्दीपलीकडे होता. तिकडे गोऱ्यांचं राज्य नव्हतं. पळून आलेले पुष्कळ जण तिथे वीटभट्टीवर काम करत. दादाला इकडे येणं शक्य नव्हतं, दिसला की धरतील. वहिनीला जाता येईल, टोपल्यांमागे लपून. पण एकदा गेली की परत यायचं नाही.

वहिनी आईकडे बघत होती. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? गुडघे माझे गेलेत, तुझे नाही. जा."

"आणि तुम्ही?"

"ही आहे की." आईने माझा हात धरला, आणि त्या हाताला जोर होता. मलाही कोणी विचारलं असतं, तर मीसुद्धा जायला तयार होते. पण विचारणार कोण, आणि कशासाठी? आईला उठवणार कोण?

पहाटे लॉरी आली. वहिनीने आईचं तेल कुठल्या बाटलीत आहे ते मला पुन्हा सांगितलं. मला ते तिच्याआधीपासून माहीत होतं. मी हो हो म्हणत होते.

"वन्सं, बायकोचं काम आता तू कर," ती म्हणाली.

"आणि साहेब?"

"साहेब काय, कोणीही होतं."

आम्ही दोघी हसलो. मग ती टोपल्यांमागे गेली आणि ड्रायव्हरने वरून पाल्याची पोती रचली. तिचा हात शेवटपर्यंत दिसत होता, इस्त्रीने भाजल्याच्या जुन्या खुणा असलेला. लॉरी वळली तशी मी आत आले, आईला उठवलं, चूल पेटवली आणि कामावर गेले. वहिनीच्या टेबलावर साहेबाने त्याच दिवशी नवी पोरगी उभी केली.

ड्रायव्हर तिकडे पुन्हा जाऊन आला त्याला बरेच महिने लागले. मी त्याला आत बसवलं, चहा ठेवला. तो म्हणाला, पोचली. भट्टीच्या मागे एक खोली आहे त्यांना. दादाच्या छातीत जरा घरघर आहे, पण काम करतो. त्याला स्वतःला फार थांबता आलं नव्हतं, भाजी उतरवायची होती.

"दादा दिसला का तुम्हाला?"

"दिसला की. विटा रचत होता. पाठमोरा."

"वळला नाही?"

"वळला असेल, ताई. मी गाडीत होतो."

"पाठ कशी होती? वाकली होती का?"

त्याने आठवून पाहिलं. "नाही. ताठ होती. बाजूच्याला काहीतरी सांगत होता."

"काय?"

"ते कसं ऐकू येणार?"

त्याचा चहा संपला होता. मी उठले आणि न विचारता त्याच्या कपात आणखी ओतला, आणि म्हटलं, पुन्हा सांगा, अगदी पहिल्यापासून. गाडी भट्टीपाशी पोचली तिथून.